परका मुलकी कसा होतो?

कोणत्याही राज्याच्या हद्दीत आलेला परका इसम चार दिवस राहून परत जाणार असेल, तर त्याच्याविषयी फारशी जिज्ञासा बाळगण्याचे त्या राज्याला कारण नसते. परंतु तोच इसम जेव्हा बिऱ्हाड थाटतो, मुलांची नावे शाळेत घालतो, चाकरी धरतो आणि आपण आता येथलेच असे म्हणू लागतो, तेव्हा 'कोणत्या आधारावर?' असे विचारल्यावाचून राज्य राहत नाही. ग्रीन कार्ड, पीआर, गोल्डन व्हिसा हे शब्द आज नांदेड-लातूरकडच्या शिकल्यासवरल्या कुटुंबांतही नित्याचे झाले असल्यामुळे हा प्रश्न विमानयुगातला आणि केवळ अमेरिका-कॅनडासारख्या दूरच्या देशांचा आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः मांजरेच्या काठच्या बिलोली तालुक्याला तो फार जुना आहे. आजच्या वृद्धांच्या वाडवडिलांना तो निराळ्या शब्दांत विचारला जात असे: तुम्ही मुलकी की गैरमुलकी?

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत बिलोली हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील नांदेड जिल्ह्याचा एक तालुका होता. हे संस्थान ब्रिटिश सार्वभौमत्वाखाली असले, तरी त्याचा हाली सिक्का निराळा, टपालाची तिकिटे निराळी, करोडगिरीचे नाके निराळे आणि फौजही निराळी; त्यामुळे पुणे, मुंबई, मद्रास किंवा लखनौ येथून येणारा मनुष्य, भाषेने वा धर्माने कितीही जवळचा असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो दुसऱ्या मुलखाचाच गणला जाई. अशा परक्याला कायमचा रहिवासी केव्हा मानावे, याचे जे लिखित नियम या संस्थानाने केले, ते वाचताना आजच्या परदेशवासाच्या कायद्यांचा सांगाडाच आपण पाहत आहोत, असे वाटू लागते.

हे नियम करण्याची पाळी का आली, हे पाहणे उद्बोधक आहे. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाणगिरी करणाऱ्या पहिल्या सालारजंगाने राज्यकारभाराची नवी घडी बसविण्याकरिता बाहेरून विद्वान व अनुभवी माणसे आणविली. सय्यद हुसेन बिलग्रामी, मोहसिन-उल-मुल्क, विकार-उल-मुल्क, चिराग अली अशी उत्तर हिंदुस्थानातली मातब्बर मंडळी त्या ओघात आली. बंगालचे अघोरनाथ चट्टोपाध्याय शिक्षणकार्यासाठी आले, १८८३ मध्ये चांदा रेल्वेच्या योजनेविरुद्धच्या चळवळीमुळे हद्दपार झाले आणि पुढे परत बोलावले गेले. सरोजिनी नायडू या त्यांच्याच कन्या, आणि त्यांचा जन्म हैदराबादचा. परका मनुष्य किती उपयोगी आणि त्याचबरोबर किती निराधार असतो, याचे अघोरनाथांइतके बोलके उदाहरण दुर्मीळ. राज्याला गुणी माणसे हवी होती, पण मोठ्या पगाराच्या जागा परक्यांकडे जातात हे पाहून स्थानिक सुशिक्षितांचा असंतोष वाढत गेला, आणि त्यातून 'मुलकी' कोण हे ठरविण्याची निकड उत्पन्न झाली. १८८८ मध्ये, ज्याने संस्थानात १५ वर्षे कायम वास्तव्य केले किंवा सरकारची सलग १२ वर्षे चाकरी केली तो मुलकी, अशी पहिली ढोबळ व्याख्या झाली. आणि पुढे रमजान १३३७ हिजरी, म्हणजे इसवी सन १९१९ मधील फर्मानान्वये ती पक्क्या नियमांत बांधली गेली.

या नियमांचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. ते कोणत्याही स्वतंत्र नागरिकत्व-कायद्यात नव्हते. हैदराबादच्या नागरी सेवेच्या नियमावलीस जोडलेल्या एका परिशिष्टात ते होते, आणि त्या नियमावलीचे एक कलम असे सांगत होते की, खुद्द निजामाच्या खास मंजुरीशिवाय कोणत्याही वरिष्ठ वा कनिष्ठ नोकरीत गैरमुलकी इसमाची नेमणूक होणार नाही. म्हणजे परक्याने राहावे की राहू नये हा वादाचा मुद्दा नव्हताच; राहणाऱ्याने राज्याच्या भाकरीत वाटा केव्हा मागावा, हा होता. आजही दीर्घकालीन निवासाच्या बहुतेक कायद्यांच्या मुळाशी हीच चिंता असते, मग वर आतिथ्याची भाषा कितीही गोड असो.

नियमांनुसार मुलकी होण्याचे चार मार्ग होते. पहिला जन्माचा: ज्याच्या जन्मसमयी त्याचा पिता मुलकी होता, तो जन्मतः संस्थानची प्रजा. दुसरा वास्तव्याचा. तिसरा चाकरीचा, आणि तोही पित्याच्या: १५ वर्षांची सेवा पूर्ण करून जो पिता अपत्यजन्माच्या वेळी सरकारी नोकरीत होता, त्याचे अपत्य मुलकी. चौथा विवाहाचा: मुलकी पुरुषाची पत्नी ती मुलकी. यांतील वास्तव्याचा मार्ग सर्वांत काटेकोर होता. अर्जदाराने किमान १५ वर्षे संस्थानात कायम वास्तव्य केलेले असावे, पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार त्याने सोडून दिलेला असावा, आणि तशा अर्थाचा हलफनामा ठरावीक नमुन्यात लिहून मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घेतलेला असावा. अर्ज जिल्ह्यात अव्वल तालुकदाराकडे, म्हणजे आजच्या जिल्हाधिकाऱ्याच्या जागी असलेल्या अंमलदाराकडे, आणि हैदराबाद शहरात पोलीस आयुक्ताकडे करावयाचा. त्याने चौकशी करून खात्री पटल्यास मुलकी असल्याचा दाखला द्यावयाचा.

काळाची मोजणी, मनाच्या निश्चयाची कबुली, दस्तऐवजाचा पुरावा आणि अंमलदाराची चौकशी या चार अंगांपैकी बहुतेक ज्या कायद्यात नाहीत, असा परदेशवासाचा कायदा आज शोधून सापडणे कठीण. देशादेशांत फरक पडतो तो कोणत्या मार्गाला अधिक वजन द्यावे एवढ्यापुरता. म्हणून एकेक मार्ग घेऊन त्याचे आजचे रूप पाहू.

रक्ताच्या नात्याचा मार्ग सर्वांत प्राचीन आणि आजही सर्वांत सोपा आहे, परंतु नाते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच पडतो. मराठी माणसाला याचे ठळक उदाहरण कोकणातल्या बेने इस्राएल समाजात मिळते. अलिबाग-पेणकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, तेल गाळत, शनिवार पाळत राहिलेल्या या लोकांना १९५० च्या इस्रायली 'परतीच्या कायद्या'ने तिकडे जाऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. पण विवाहाच्या बाबतीत तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका काढली, तेव्हा त्यांना चळवळ करावी लागली, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांचे समान स्थान मान्य केले. राज्याने प्रवेश दिला, तरी समाजाची मान्यता वेगळी मिळवावी लागते, हे यावरून दिसते. दुसरे उदाहरण गोव्याचे: १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुलानातवंडांना, पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा आजही करता येतो, तो सिद्ध झाला की युरोपीय संघातील कोणत्याही देशात राहण्याची व काम करण्याची वाट मोकळी होते. आजोबांच्या जन्मनोंदीचा एक जीर्ण कागद नातवाच्या उपजीविकेचा प्रश्न सोडवितो, तो असा. भारताने स्वतः २००५ पासून परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय कार्डाची जी व्यवस्था केली, तीही याच तत्त्वावर उभी आहे: आजन्म व्हिसा मिळतो, पण मतदानाचा हक्क नाही, सरकारी नोकरीचा नाही आणि शेतजमीन खरेदी करण्याचाही नाही.

विवाहाच्या मार्गात हैदराबादचा नियम केवळ पत्नीचाच विचार करीत होता. मुलकी स्त्रीशी लग्न करणाऱ्या गैरमुलकी पुरुषाला त्या व्याख्येत स्थान नव्हते. आजच्या कायद्यांनी हा भेद पुष्कळ ठिकाणी पुसून टाकला आहे. भारतीय नागरिकाशी विवाह केलेला परदेशी जोडीदार, मग तो पती असो वा पत्नी, ७ वर्षे भारतात राहिल्यावर नोंदणीद्वारे नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. परंतु भेद गेला तेथे संशय आला आहे. अमेरिकेत विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वी ग्रीन कार्ड मिळाले, तर ते सशर्त व दोन वर्षांचेच असते, आणि मुदत संपण्यापूर्वी संसार खराखुरा आहे हे एकत्र बँकखाते, घरभाड्याचा करार, विम्याची कागदपत्रे इत्यादींनी दाखवावे लागते. सप्तपदी झाली असली तरी सरकारदरबारी संसार कागदाने सिद्ध करावा लागतो.

चाकरीचा मार्ग हा आजच्या महाराष्ट्रातील सुशिक्षित तरुणांचा राजमार्ग होय. कॅनडाने १९६७ मध्ये गुणपद्धत अमलात आणली: वय, शिक्षण, अनुभव, भाषाज्ञान यांना गुण देऊन, कोणत्या देशाचा म्हणून नव्हे तर कोणत्या उपयोगाचा म्हणून उमेदवार निवडायचा, ही तिची दिशा, २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' या नावाने ती अधिक वेगवान झाली. जर्मनीत ब्लू कार्डावर आलेल्या कुशल कर्मचाऱ्याला कायम निवासासाठी साधारणतः २७ महिने थांबावे लागते. त्याची जर्मन भाषा ठरावीक पातळीला पोचली असेल, तर २१ महिन्यांतच काम होते. सहा महिन्यांची सूट केवळ भाषेपायी मिळावी, यावरून ते राज्य परक्याकडून हाताबरोबर जीभही मागते हे उघड आहे. अमेरिकेची रीत याहून निराळी आहे. तेथे नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० कायम निवासाचे परवाने मिळतात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक सामान्यतः येत नाहीत. परिणामी लहान देशातला अभियंता जेथे दोन-तीन वर्षांत मोकळा होतो, तेथे भारतीय अभियंत्याची रांग दशकानुदशके लांबते. त्याचा मूळचा कामाचा व्हिसा सहा वर्षांचा असतो. ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असल्यास तो पुनःपुन्हा वाढवून मिळतो, म्हणून घर घेतले आहे, मुले तेथेच जन्मली आहेत, पण स्वतःचा मुक्काम मात्र मुदतवाढीवर, असे चमत्कारिक आयुष्य हजारो मराठी कुटुंबे जगत असतात.

वास्तव्याच्या मार्गात दिवस मोजण्याची कसोटी आली, आणि तेथे हिशेबाची काटेकोरता दिसते. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये परदेशी इसमाला नागरिकत्व हवे असल्यास, अर्जापूर्वीचे सलग १२ महिने, आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे तो भारतात राहिलेला किंवा सरकारी सेवेत असलेला असावा लागतो. अमेरिकेचा ग्रीन कार्डधारक सामान्यतः ५ वर्षांनी नागरिकत्व मागू शकतो, पण त्यांपैकी किमान ३० महिने तो प्रत्यक्ष देशात हजर असला पाहिजे. कॅनडात तर मिळालेला कायम निवास टिकविण्यासाठीच दर ५ वर्षांत किमान ७३० दिवस तेथे काढावे लागतात. म्हणून आजारी आईवडिलांसाठी गावी आलेला मुलगा परतीची तारीख ठरविताना वैद्याच्या सल्ल्याबरोबर पासपोर्टावरचे शिक्केही मोजीत असतो.

या चारांपलीकडे दोन मार्ग असे आहेत, की ज्यांचा मुलकी नियमांत मागमूस नव्हता. एक आश्रयाचा: १९५१ च्या निर्वासित-विषयक आंतरराष्ट्रीय कराराने छळातून पळालेल्याला जेथे छळ होईल तेथे परत पाठवू नये हे तत्त्व रुजविले. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. शेजारच्या देशांतून आलेल्या काही वर्गांना तो दीर्घ मुदतीचा व्हिसा देतो. दुसरा धनाचा: संयुक्त अरब अमिरातीत २० लाख दिरहमची स्थावर मिळकत घेणाऱ्यास १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो, अमेरिकेत ८ लाख डॉलरपासून गुंतवणूक करून किमान १० माणसांना काम देणाऱ्यास ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, आणि भारतानेही २०१६ मध्ये, १८ महिन्यांत १० कोटी किंवा ३ वर्षांत २५ कोटी रुपये गुंतवून दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार देणाऱ्या परदेशी व्यक्तीसाठी १० वर्षांच्या निवासाची योजना मंजूर केली. धनिकासाठी घड्याळ वेगाने फिरते, हे त्यावरून कळून येते. याच्या अगदी उलट टोकाला आखाती देशांतला मजूर आहे: मराठवाड्यातला गवंडी किंवा ड्रायव्हर तेथे २५ वर्षे राबला, तरी त्याचा निवास नोकरीच्या दोरीला बांधलेला असतो, काम संपले की मुक्काम संपला. वर्षे त्याच्याकडे पुष्कळ असतात, पण ती कोणी मोजीत नाही.

मुलकी नियमांची पुढील कथाही मनोरंजक आहे, कारण त्यांनी आपल्या जन्मदात्या राज्याहून दीर्घ आयुष्य भोगले. पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून आलेल्या नोकरदारांविरुद्ध १९५२ च्या सप्टेंबरात हैदराबाद शहरात चळवळ पेटली व गोळीबार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य त्रिभंग होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि सरहद्द थेट बिलोलीच्या शेजारी येऊन बसली: नांदेड जिल्ह्यातीलच देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. येसगीजवळचा मांजरेचा पूल ओलांडून बोधनच्या बाजाराला जाणारा मनुष्य काल एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जात होता, तो आज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ लागला. त्याने आपले गाव सोडले नव्हते, पण हैदराबादेतल्या नोकरीच्या दृष्टीने तो बाहेरचा झाला. तेलंगणात हे नियम पुढेही चालत राहिले. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविताच आंध्र भागात मोठे आंदोलन झाले, आणि अखेर १९७३ मध्ये संसदेला कायदा करून ते रद्द करावे लागले.

रद्द झाले ते नियम. त्यांचा विचार रद्द झाला नाही. बिलोलीच्या तहसील कचेरीसमोरच्या सेतू केंद्रात जून महिन्यात जी रांग लागते, तिच्यातल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्राचा अर्ज असतो. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, वीजबिल, तलाठ्याचा रहिवासी दाखला आणि स्वयंघोषणापत्र. महाराष्ट्रात अधिवासासाठी सामान्यतः १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. निजामाच्या फर्मानातला आकडाही हाच होता, हा योगायोग असेल. पण एका पिढीची शाळा पुरी होण्याइतका काळ राहिलेला मनुष्य आता येथलाच, ही दोन्हींमागची समजूत मात्र एकच दिसते.

तरीही जुन्या आणि नव्या व्यवस्थेत एक मूलभूत भेद आहे, आणि परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्याने तो नीट ओळखावा. निजामाचा नियम १५ वर्षांच्या शेवटी एक निर्णायक कबुली मागत होता: परत जाण्याचा विचार सोडला आहे काय? आजचा कायम निवास ही कबुली मागत नाही. निदान ती पुढे ढकलतो. राहा, काम करा, कर भरा, मुले शिकवा. मत देऊ नका, दीर्घकाळ गैरहजर राहू नका, आणि मनाचा निश्चय सवडीने करा, असे तो म्हणतो. निश्चयाचा क्षण येतो तो नागरिकत्वाच्या वेळी, कारण भारतीय कायद्यान्वये परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. म्हणूनच ग्रीन कार्ड मिळून वीस वर्षे झाली, तरी नागरिकत्वाचा अर्ज न भरणारी मराठी माणसे अमेरिकेत आढळतात, आणि त्यांच्या या दिरंगाईला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. गावाकडची शेती, म्हातारे आईवडील, आणि कधीतरी परत जाऊ हा न सुटलेला विचार यांना कायद्याने दिलेली ती मुदत आहे. मात्र ती मुदत राज्याने दिलेली असल्यामुळे राज्याला ती आखडताही येते. तेव्हा ज्याला खरोखर राहायचे आहे त्याने आपले दिवस आणि दस्तऐवज जपावेत, आणि ज्याला परत यायचे आहे त्याने तो निर्णय परक्या सरकारच्या नियमबदलावर सोपवून स्वस्थ बसू नये.